शेवाळ आंबवा, पण गाडीत ओतू नका

समुद्री शेवाळापासून गाडीचं इंधन करायचा नाद आता सोडून द्यावा. हा नाद पन्नास वर्षं जुना आहे. दर दहा-बारा वर्षांनी तो नवे पैसे आणि नवी घोषणा घेऊन परत येतो आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात काही न ठेवता निघून जातो. शेवाळ आंबवायला माझा विरोध नाही. ते आंबवलंच पाहिजे, कोकणात आणि गोव्यात तर नक्की. पण आंबवण्याच्या टाकीतून काय काढायचं हे आधी ठरवा. तिथेच सगळं चुकतंय.

आधी हिशेब मांडू. जानेवारी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गाजलेला शोधनिबंध आला. बर्कलीच्या बायो आर्किटेक्चर लॅब या कंपनीतल्या संशोधकांनी ई. कोलाय या जिवाणूत समुद्रातल्या व्हिब्रिओ जिवाणूची जनुकं बसवली आणि त्याला तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट पचवायला शिकवलं. एक किलो सुक्या शेवाळामागे सुमारे २८१ ग्रॅम इथेनॉल मिळालं. जास्तीत जास्त जेवढं मिळू शकतं त्याच्या हे ८० टक्के. विज्ञान म्हणून हे अव्वल काम आहे, त्याला मनापासून दाद. आता ते बाजारात न्या. २८१ ग्रॅम इथेनॉल म्हणजे साधारण ३५६ मिलिलिटर. एका लिटरला पावणेतीन किलोंहून जास्त सुकं शेवाळ लागणार. आपल्याकडे उसाच्या रसाच्या इथेनॉलला ठरलेला दर लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे आहे. वीज, टाक्या, पगार, आसवनी हे सगळं फुकट धरलं, तरी सुक्या शेवाळाला किलोमागे २३ रुपयांच्या वर एक पैसा देता येत नाही. आणि एक किलो सुकं शेवाळ हवं तर सात ते दहा किलो ओलं काढावं लागतं. म्हणजे ओल्याला किलोमागे दोन-तीन रुपये.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोरीला एकेक तुकडा बांधणाऱ्या बाईला दोन-तीन रुपये किलो! हा भाव तिच्यासमोर उभं राहून सांगायची हिंमत आहे का कुणात? आणि हा प्रयोगशाळेतल्या सर्वोत्तम उताऱ्याचा हिशेब आहे. कारखान्यात उतारा त्याहून खाली येतो.

हा मोह का होतो, ते मला कळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच लिहिलंय की साखरेच्या मार्गाने एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. मका इथेनॉलकडे वळला, तर कोंबड्यांच्या खाद्याचा भाव चढतो. अशा वेळी समुद्राकडे नजर जाणारच. शेवाळाला जमीन नको, गोडं पाणी नको, युरियाची गोण नको. लाकडात आणि उसाच्या चिपाडात जे चिवट लिग्निन असतं, जे फोडताना कारखाने जेरीला येतात, ते शेवाळात जवळजवळ नसतंच. हे सगळं खरं आहे. घोषणेत एवढंच येतं आणि पुढचं गाळलं जातं, यावर माझा राग आहे.

पुढचं असं. शंभर किलो ओल्या शेवाळात ऐंशी ते नव्वद किलो पाणी असतं. वाळवल्यावर जे उरतं त्यातही पाचवा भाग, कधी त्याहून जास्त, नुसते क्षार. साखरही आपल्या ओळखीची नाही. तपकिरी शेवाळात अल्जिनेट, मॅनिटॉल आणि लॅमिनारिन; लाल शेवाळात अगर किंवा कॅराजीनन; हिरव्यात उल्वान. मळीवर पिढ्यान् पिढ्या पोसलेलं यीस्ट यातल्या बहुतेकांना तोंडही लावत नाही. त्याच्यासाठी क्षार धुऊन काढायचे तर गोडं पाणी लागणार, म्हणजे ज्या बचतीसाठी समुद्रात उतरलो तीच गेली. साखरेचे पाक वेगवेगळे, म्हणून सूक्ष्मजीवही वेगवेगळे. एका टाकीत सगळं कोंबून सगळ्याची दारू होत नाही.

याच अडचणीतून चांगलं विज्ञान जन्मलं, तेही सांगायला हवं. मॅनिटॉल पचवताना सूक्ष्मजीवाकडे इलेक्ट्रॉन जास्त होतात, अल्जिनेट पचवताना ते कमी पडतात. हवा नसलेल्या टाकीत एकटं मॅनिटॉल दिलं की गाडी अडते, एकटं अल्जिनेट दिलं तरी अडते. दोन्ही एकाच वेळी खाऊ घातलं तर एकाचं जादा दुसऱ्याच्या कमीला पुरतं आणि आंबवण सुरू राहतं. २०१४ मध्ये बायो आर्किटेक्चर लॅबच्याच गटाने ‘नेचर’मध्ये यीस्टमध्ये हे घडवून दाखवलं. २०१९ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी निराळी वाट धरली. परक्या जिवाणूला शिकवत बसण्यापेक्षा शेवाळावरच जगणारा जिवाणू त्यांनी समुद्राजवळून शोधून काढला. त्याने शेवाळातल्या साखरा झपाट्याने खाल्ल्या आणि इथेनॉलबरोबर लायकोपीनसारखी महाग द्रव्यंही करून दाखवली. मला ही वाट जास्त पटते. शिजवायचं शेवाळ आहे, तर शेवाळ खाणाऱ्यालाच बोलवावं.

आता इतिहास पाहा, कारण शेवाळ आंबवण्याचा मोठा कारखाना जगात एकदा खरोखर चालला आहे. पहिलं महायुद्ध सुरू होतं. ब्रिटिशांना कॉर्डाइट ही धूरविरहित दारू करायला अॅसिटोन हवं होतं आणि ते लाकडाच्या भट्ट्यांतून पुरेसं मिळत नव्हतं. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या हर्क्युलिस पावडर कंपनीने सॅन डिएगोच्या उपसागरात, चुला विस्टा इथे कारखाना उभारला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ राक्षसी केल्प या शेवाळाची पाण्याखालची जंगलं आहेत. कापणी यंत्रं बसवलेल्या जहाजांनी तो केल्प कापून आणायचा, चिरायचा आणि प्रचंड लाकडी टाक्यांत आंबवायला ठेवायचा. जिवाणू त्याचं अॅसेटिक आम्ल करत. चुना घातला की त्याचं कॅल्शियम अॅसिटेट होई. ते तापवलं की अॅसिटोन निघे. शिवाय जर्मनीकडून यायचं बंद झालेलं पोटॅशही त्याच केल्पमधून काढलं जाई. त्या जागेला आजही ‘गनपावडर पॉइंट’ म्हणतात.

कारखाना तोट्यात नव्हता, कारण अॅसिटोनला युद्धाचा भाव होता. युद्ध संपलं, भाव पडला आणि कारखाना बंद झाला. जिवाणूंचं काही चुकलं नव्हतं. टाक्याही शाबूत होत्या. जे निघत होतं त्याला गिऱ्हाईक उरलं नाही.

आपल्याकडेही त्याच सुमारास, त्याच अॅसिटोनसाठी, नाशिकला कारखाना उभा राहिला होता. आंबवण्याच्या धंद्यात मराठी मुलूख नवखा नाही, हे ध्यानात ठेवावं.

यानंतर तेलाचे भाव भडकले की केल्पची आठवण, असा क्रमच पडला. १९७० च्या दशकात हॉवर्ड विल्कॉक्स या अमेरिकी नौदलातल्या शास्त्रज्ञाने भर समुद्रात दोरखंडांच्या जाळीवर केल्पची शेती करून त्यापासून मिथेन वायू काढायची योजना मांडली. लाटांनी आणि प्रवाहांनी ती रोपं ओरबाडून नेली. २०१० च्या आसपास बायो आर्किटेक्चर लॅबने चिलीत प्रायोगिक काम सुरू केलं; डुपाँट आणि नॉर्वेची स्टॅटऑइल अशा बलाढ्य भागीदार कंपन्या मिळवल्या. पंपावर शेवाळाचं इथेनॉल आलं नाही. बंगळुरूची सी सिक्स एनर्जी २०१० मध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये तिने डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सबरोबर शेवाळाच्या इथेनॉलसाठी हात मिळवले. आज ती कंपनी ओळखली जाते ती पिकांवर फवारायच्या शेवाळ-अर्कासाठी. हा तिचा शहाणपणा आहे. इंधनाच्या नावाने निघालेला प्रत्येक जाणता माणूस शेवटी खत, खाद्य किंवा जेलच्या दुकानात येऊन थांबला, एवढा धडा आपल्याला पुरेसा आहे.

आणि तो धडा शिकायला अमेरिकेत जावं लागत नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने फार पूर्वी तो गिरवून ठेवलाय. कॅपाफायकस हे लाल शेवाळ ताजं असतानाच चरकात घालायचं. जो रस निघतो तो पिकांसाठी. इफ्कोचं ‘सागरिका’ त्यातूनच आलं. जो चोथा उरतो त्यातून कॅराजीनन काढायचं, जे आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत घट्टपणासाठी लागतं. आता यानंतर जे उरेल ते आंबवा! तोवर शेवाळाची किंमत वसूल झालेली असते, चोथा फुकट पडलेला असतो आणि त्यातून जे निघेल तो नफा. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हाच क्रम ग्रॅसिलेरिया या शेवाळावर लावला. आधी अगर काढून घेतलं, उरलेल्या लगद्यातल्या सेल्युलोजची साखर केली आणि मग ती यीस्टला दिली. आंबवणं शेवटी. हा क्रम उलटा केला की धंदा बुडतो. ज्या योजनेच्या पहिल्या पानावर इथेनॉल आहे, ती योजना दुसऱ्या पानापर्यंत वाचायची गरज नाही.

मग टाकीतून काढायचं काय? माझं उत्तर मिठापासून सुरू होतं. सगळे जण क्षार धुवायच्या मागे लागले आहेत. पण ज्यांना मीठच लागतं असे सूक्ष्मजीव आहेत. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी उल्वा या हिरव्या शेवाळावर ‘हॅलोफेरॅक्स मेडिटेरानी’ नावाचा मीठप्रेमी जीव वाढवला. तो पोटात चरबीसारखं एक पॉलिमर साठवतो, पीएचए. त्याचं कुजणारं प्लास्टिक होतं. खारं शेवाळ, खारं पाणी, खाऱ्यात राहणारा जीव. गोडं पाणी लागत नाही. इतक्या खाऱ्या टाकीत परके जंतू शिरकाव करू शकत नाहीत, त्यामुळे निर्जंतुकीकरणाचा खर्चही घटतो. पीएचए इंधनाहून कितीतरी महाग विकलं जातं.

हे वाचून मला सगळ्यात आधी रायबंदर आठवलं. मांडवीकाठच्या रायबंदरच्या मिठागरांतून गोव्यातल्याच संशोधकांनी असे मीठप्रेमी सूक्ष्मजीव वेगळे करून त्यांच्यात हेच पॉलिमर साठतं हे दाखवून दिलंय. शेवाळ तर दारातच आहे. हणजूणचे खडक हिवाळ्यात शेवाळाने भरलेले असतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अरविंद उंटवाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शेवाळाची मोजदाद केली होती. मिठागरातला जीव, खाडीतलं उल्वा आणि मोजदाद करणारी संस्था, हे सगळं एका तालुक्याच्या अंतरात आहे. याला पैसा मिळायला हवा. मोठ्या घोषणेइतका नको, एका छोट्या प्रायोगिक टाकीपुरता मिळाला तरी चालेल.

पुण्याकडेही माझं मागणं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आंबवण्याचं शास्त्र शेतकऱ्याच्या कारखान्यापर्यंत नेते. इतकं ज्ञान देशात फार थोड्या ठिकाणी एकवटलंय. पण ते सगळं उसाकडे तोंड करून बसलंय. पावसाळ्याच्या सुरुवातीला मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाहून येऊन कुजणाऱ्या शेवाळात कोण कोण राहतं, याची शिस्तीत यादी करा. कोरियाने तेच केलं. सह्याद्रीच्या पलीकडे उतरायला एवढा वेळ का लागावा?

आता कोकणातली खरी अडचण, जिच्याविषयी सादरीकरणात कोणी बोलत नाही. ती म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर ना तराफा टिकत ना दोरी. मासेमारीही त्यातले दोन महिने बंद असते. म्हणजे कच्चा माल वर्षातले सात-आठ महिनेच. उरलेले महिने टाकी रिकामी ठेवायची? साखर कारखान्याने हा प्रश्न मळी साठवून सोडवला. शेवाळाचं काय करायचं? वाळवणं हा एक मार्ग आहे; सुक्या मासळीची वाळवण करणाऱ्या बायकांना तो शिकवावा लागणार नाही. पण दमट हवेत शेवाळ सुकायला वेळ घेतं आणि अवकाळी पाऊस आला की सगळं वाया जातं. दुसरा मार्ग आपला दूधवाला शेतकरी रोज वापरतो, मुरघास. शेवाळ चिरून, दाबून, हवाबंद पिशवीत भरलं की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू त्यावर वाढतात, आंबटपणा येतो आणि माल महिनोन् महिने टिकतो. शेवाळाचा असा मुरघास होतो, युरोपात त्यावर बरंच काम झालंय. काही शेवाळांत साखर कमी पडते, तिथे थोडी मळी घालावी लागते. मळी आपल्याकडे आहेच! ही पिशवी हेच कोकणातलं शेवाळाच्या आंबवण्याचं पहिलं यंत्र असायला हवं. स्टीलची टाकी नंतर.

आणि कारखाना किनाऱ्यावरच हवा. ओलं शेवाळ ट्रकात भरून आंबा घाट चढवायचा, म्हणजे समुद्राचं पाणी कोल्हापूरला पोचवायचं. डिझेलचा तेवढा धूर काढून ‘हरित’ शब्द तोंडातून काढू नये.

एक धोक्याची सूचना, आणि ती मी मोठ्याने देतो. कॅपाफायकस मूळचं इथलं नाही, ते फिलिपिन्सच्या बाजूचं. तमिळनाडूत मंडपमच्या परिसरात त्याची शेती सुरू झाली, पेप्सिकोने त्यात पैसा घातला, मच्छीमार बायकांना त्यातून खरोखर उत्पन्न मिळालं. पण २००८ मध्ये संशोधकांनी मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर चढल्याची नोंद केली. प्रवाळ त्याखाली गुदमरतं. आपल्याकडे मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे प्रवाळ आहे. मालवणात बाहेरचं शेवाळ आणायची भाषा जो करेल, त्याला मालवणकरांनी पहिल्याच सभेत अडवावं. उल्वा, ग्रॅसिलेरिया अशी इथलीच शेवाळं आहेत. त्यांच्यावर काम करा. खडकावरचं सरगॅसम नावाचं शेवाळ ओरबाडून टाकीत घालायचा बेतही नको. त्या झुडपांत माशांची पिल्लं वाढतात. लावलेलं शेवाळ कापा, उगवलेलं राहू द्या.

सरगॅसमवरून बार्बाडोसचं उदाहरण घ्यावं, कारण तिथे प्रश्न उलटा आहे. २०११ पासून अटलांटिकमधलं तरंगतं सरगॅसम कॅरिबियन किनाऱ्यांवर थडकतंय. २०१८ मध्ये आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८,८५० किलोमीटर लांबीचा पट्टा उपग्रहांनी टिपला, त्यात दोन कोटी टनांवर शेवाळ होतं. किनाऱ्यावर ते कुजतं, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो, पर्यटक पळतात. तिथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठात लेजेना हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेवाळ आणि रमच्या भट्ट्यांचं सांडपाणी एकत्र कुजवून बायोगॅस काढला आणि त्यावर मोटार चालवली. तिथे मला हे मान्य आहे. तो माल कोणी पिकवलेला नाही, तो उचलायलाच खर्च येतो, त्यातून जे मिळेल ते खरं. त्यातल्या आर्सेनिकची काळजी मात्र घ्यावीच लागते. आपल्या किनाऱ्यावर अशी लाट आलेली नाही. बार्बाडोसचं उत्तर कोकणच्या प्रश्नाला चिकटवू नये.

सरकारी आकड्यांचं एक बोलून संपवतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० मध्ये शेवाळासाठी सुमारे ६४० कोटी रुपये राखले गेले आणि २०२५ पर्यंत वर्षाला ११ लाख टनांवर उत्पादनाचं लक्ष्य ठरलं. २०२५ गेलं. आपण त्या आकड्याच्या जवळपासही नाही. शेवाळ टनावारी वाढलं तरी विकत घेणारा कोण, हा प्रश्न लक्ष्याच्या आधी विचारायला हवा होता. जगात वर्षाला साडेतीन कोटी टन ओलं शेवाळ पिकतं, त्यातलं निम्म्याहून जास्त चीनमध्ये. त्यातलं बहुतेक माणसांच्या ताटात जातं, नाहीतर अगर, अल्जिनेट, कॅराजीनन करायला. त्या लोकांनी आधी गिऱ्हाईक धरलं आणि मग दोऱ्या टाकल्या.

म्हणून महाराष्ट्र आणि गोव्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यांना माझी विनंती आहे. पुढच्या हंगामात, ऑक्टोबर उजाडायच्या आत, किनाऱ्यावरच्या महिला गटांशी ओल्या शेवाळाच्या खरेदीचा लेखी करार करा, त्यात किलोचा भाव आकड्यात लिहा, आणि तो भाव देणाऱ्या कारखान्यालाच आंबवण्याच्या टाकीसाठी अनुदान द्या. करार नसेल तर अनुदान देऊ नका.